निदान होईपर्यंतचा सब्र

आजारांचे दोन वर्ग करावेत असे म्हटले, तर वैद्यकशास्त्राला ते मान्य होणार नाही. आजारी माणसाला मात्र ते तत्काळ पटेल. एका वर्गातील आजाराला नाव असते. मधुमेह, क्षय, कावीळ असे नाव एकदा कागदावर उमटले की त्यामागून औषध येते, पथ्य येते, खर्चाचा अंदाज येतो आणि शेजाऱ्यांची सहानुभूतीही येते. दुसऱ्या वर्गातील आजाराला अद्याप नाव मिळालेले नसते. माणूस बोलता बोलता थांबतो, नजर स्थिर होते, हातपाय ताठरतात किंवा थरथरू लागतात, तो खाली कोसळतो, काही मिनिटांनी भानावर येतो आणि विचारतो, "काय झालं मला?" या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळही नसते. पुष्कळदा पहिल्या डॉक्टरांजवळही नसते.

हा लेख या दुसऱ्या वर्गातील माणसासाठी आणि त्याच्या भोवतालच्या आपणा सर्वांसाठी आहे. पहिला झटका आणि निश्चित निदान यांच्यामधला काळ कधी काही दिवसांचा असतो, कधी काही वर्षांचा. त्या काळात दीन रुग्णाकडून काय अपेक्षितो, कुटुंबाकडून काय अपेक्षितो आणि मोहल्ल्याकडून काय अपेक्षितो, हा आजचा प्रश्न आहे.

न कळण्याचा प्रवास

आपल्या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात हा काळ विशेष कठीण जातो. डोंगरातल्या वाडीवरून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, तेथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पनवेलला, आणि अखेर मुंबईच्या के.ई.एम.सारख्या मोठ्या रुग्णालयात, असा हा प्रवास असतो. पुण्याची वाट धरावी तर पावसाळ्यात वरंध घाट अनेकदा बंद असतो. प्रत्येक खेपेला एक माणूस सोबतीला लागतो, त्याचा रोज बुडतो. आणि एवढे करून झटका डॉक्टरांसमोर येत नाही. तपासणीच्या वेळी रुग्ण धडधाकट असतो. मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, काढला जातो. तो नॉर्मल येतो. एमआरआय नॉर्मल येतो. 'नॉर्मल' हा शब्द घेऊन कुटुंब घरी परतते आणि आठवड्याभरात मुलगी पुन्हा अंगणात कोसळते.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दोन झटक्यांच्या मधल्या वेळेत काढलेला ईईजी नॉर्मल असला, तरी तेवढ्यावरून अपस्मार, म्हणजे मिरगी, नाही असे सिद्ध होत नाही. उलट, अंगाला झटके आले म्हणून ती मिरगीच असेल असेही नाही. हृदयाची लय बिघडून मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटला तरी माणूस कोसळतो आणि त्याचे अंग थरथरते. रक्तातील साखर उतरल्यानेही हे घडू शकते. फीतकृमीची अंडी दूषित अन्नातून पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करतात आणि आकडी येऊ लागते. भारतात हे झटक्यांचे एक महत्त्वाचे कारण आहे. "आपण डुकराचे मांस खात नाही, आपल्याला ते कसे होईल?" असे काहीजण विचारतात. परंतु ही अंडी न धुतलेल्या भाजीतून आणि अस्वच्छ हातांतूनही पोटात जातात. आणि काही रुग्णांमध्ये झटक्याच्या वेळी मेंदूत अपस्माराचा विद्युत-उद्रेक मुळीच नसतो. मन आणि शरीर यांच्यातील दुव्याचे कार्य काही काळ बिघडते आणि शरीर आपल्या ताब्यात राहत नाही. हे ओळखण्यासाठी रुग्णाला काही तास किंवा काही दिवस कॅमेऱ्याखाली ठेवून ईईजी काढावा लागतो आणि त्या वेळात झटका यावा लागतो. ही सोय मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांतच आहे. निदानाला विलंब होतो तो प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या निष्काळजीपणामुळे होत नाही; आजाराचे स्वरूपच तसे असते.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तळियेवर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. तेव्हा राज्यभरातून मदत आली, पंचनामे झाले. कारण काय झाले ते सर्वांना दिसत होते. नाव न मिळालेल्या आजाराचा पंचनामा होत नाही. त्या घरात मदतीच्या आधी तर्क पोहोचतात.

हे तर्क सामान्यतः तीन प्रकारचे असतात. "पोरीवर असर झाला आहे, बाहेरचे काही आहे." "कोणत्या तरी गुनाहाची ही सजा आहे." आणि तिसरा, सर्वांत हळू आवाजात बोलला जाणारा, "रिपोर्ट सगळे चांगले आहेत, म्हणजे ती नाटक करते." तिन्ही तर्क एकमेकांहून भिन्न दिसतात; पण त्यांचे मूळ एकच आहे. आपल्याला 'माहीत नाही' हे सहन होत नाही.

'माहीत नाही' म्हणण्याचे ज्ञान

पवित्र कुरआनने सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३६) स्पष्ट मनाई केली आहे की, ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये. कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाचा जाब विचारला जाणार आहे. सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) अतिसंशयापासून दूर राहण्याचा आदेश आहे. या दोन आदेशांची आठवण आपल्याला व्यापारात किंवा भांडणतंट्यात होते. आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर होत नाही. तेथे मात्र प्रत्येकजण हकीम असतो आणि प्रत्येकजण आमिल असतो.

आपल्या परंपरेतील थोर माणसे याबाबतीत किती सावध होती! हजरत जिब्रील (अ.स.) यांनी कयामतची घटिका विचारली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भर सभेत सांगितले की, याविषयी प्रश्न करणाऱ्यापेक्षा आपल्याला अधिक माहिती नाही. इमाम मालिक (रह.) यांच्याविषयी असे नोंदले आहे की, एकदा त्यांना ४८ प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी ३२ प्रश्नांना त्यांनी 'मला माहीत नाही' असे उत्तर दिले. मदीनेच्या इमामाला ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात गल्लीतल्या जाणकाराला कमीपणा वाटतो.

वैद्यकाच्या क्षेत्रातही हीच परंपरा दिसते. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकातील महान वैद्य अबू बक्र राझी यांनी आपल्या रुग्णांच्या हकिकती लिहून ठेवल्या. त्यांतील एक प्रसिद्ध हकिकत अशा रुग्णाची आहे, ज्याला अनियमित अंतराने ताप येई. कधी रोज, कधी दोन-तीन दिवसांआड, कधी सहाव्या दिवशी. राझींनी आरंभी दोन शक्यता सांगितल्या. निश्चित एक सांगितली नाही. पुढे लघवीतून पू गेला आणि विकार मूत्रपिंडाचा असल्याचे स्पष्ट झाले. मग राझी प्रांजळपणे लिहितात की, उभे राहताना कमरेत ओझे टांगल्यासारखे वाटते हे रुग्णाने सांगितले नव्हते आणि आपणही ते विचारायला विसरलो होतो. हजार वर्षांपूर्वीच्या या नोंदीत आजच्या रुग्णासाठी आणि डॉक्टरांसाठी मोठा धडा आहे. निदान हे दोघांनी मिळून शोधायचे असते. रुग्णाने जे सांगितले नाही आणि डॉक्टरांनी जे विचारले नाही, त्या फटीत आजार लपून राहतो.

जिन्नांवरील श्रद्धा आणि एका मुलीविषयीचा निर्णय

येथे काही वाचक विचारतील की, जिन्नांचे अस्तित्व कुरआनने सांगितले आहे, मग असर नाकारायचा काय? प्रश्न योग्य आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

जिन्न अस्तित्वात आहेत ही आपली श्रद्धा आहे. परंतु 'जिन्न आहेत' हे एक विधान आणि 'अमुक मुलीला जो झटका येतो तो जिन्नामुळे येतो' हे दुसरे विधान. पहिल्याला वह्यचा आधार आहे. दुसऱ्याला कशाचा आधार आहे? हाफिज इब्ने कय्यिम (रह.) यांनी 'जादुल मआद'मध्ये अदृश्य शक्तींमुळे होणारा झटका मानला आहे, पण त्याच ठिकाणी शारीरिक कारणांनी होणारा झटकाही वेगळा सांगितला आहे आणि त्याची चर्चा वैद्यकाच्या अंगाने केली आहे. त्यांच्या आधी इब्ने सीना (मृत्यू इ.स. १०३७) यांनी 'अल-कानून'मध्ये मिरगीला मेंदूच्या आजारांत स्थान दिले होते. जे विद्वान जिन्नांचा परिणाम मानत, त्यांनीसुद्धा प्रत्येक कोसळणाऱ्या माणसाला जिन्नांच्या हवाली केले नाही. आपण कोणत्या अधिकाराने करतो?

असा निर्णय देण्यात कुटुंबाला दिलासा असतो, हे मला ठाऊक आहे. कारण कळल्यासारखे वाटते, काहीतरी करता येते, आणि उपाय वाडीच्या जवळ मिळतो. मुंबईच्या रांगेपेक्षा आमिलाची ओटी सोपी वाटते. पण या दिलाशाची किंमत रुग्ण चुकवतो. त्याचे उपचाराचे महिने वाया जातात. शिवाय त्याच्या शरीरातून 'दुसरे कोणी' बोलते असे एकदा ठरले की त्याच्या वेदनेचे म्हणणे कोणी ऐकत नाही. पुढची पायरी मिरचीच्या धुराची, छडीची आणि साखळीची असते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मरण पावले. त्यांना तेथे आणणारी कुटुंबे क्रूर नव्हती. ती थकलेली होती, आणि कोणीतरी त्यांना खात्रीने कारण सांगितले होते.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरवले आहेत. आपल्यातील काहींना हा कायदा परका वाटतो. वस्तुतः त्याने ज्या गोष्टींना प्रतिबंध केला, त्यांपैकी एकही प्रेषितांच्या (स.) सुन्नतमध्ये नाही. आजाऱ्यासाठी दुआ करणे, सूरह फातिहा आणि मुअव्विजतैन पढून दम करणे ही सुन्नत आहे आणि तिला कायद्याने कोठेही अडवलेले नाही. नमाजनंतर पाण्याची बाटली घेऊन मशिदीच्या पायरीशी थांबणाऱ्या आईला कोणत्याही इमामाने परत पाठवू नये. त्याने दम करावा, आणि पुढचा प्रश्नही विचारावा: "डॉक्टरांची पुढची तारीख कधी आहे?"

सजा आणि नाटक

दुसरा तर्क सजेचा. मोमिनाला काटा टोचला तरी त्याबदल्यात त्याचे गुनाह झडतात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. हे सांत्वन रुग्णासाठी आहे; शेजाऱ्याने त्याचे आरोपपत्र करायचे नाही. हजरत अय्यूब (अ.स.) यांच्या दीर्घ आजाराच्या कथेत असे येते की, त्यांच्या जवळच्या दोघांनी आपसात तर्क केला, यांनी नक्कीच काही मोठा गुनाह केला असावा. तो तर्क खोटा होता. ज्याच्याविषयी तो केला गेला ते अल्लाहचे प्रेषित होते आणि अल्लाहने त्यांच्या सब्रची प्रशंसा केली (३८:४४).

बेशुद्ध होऊन कोसळणे ही लाजेची बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आणखी दोन प्रसंग आठवावेत. तूर पर्वतावर हजरत मूसा (अ.स.) बेशुद्ध होऊन कोसळल्याचे कुरआन सांगतो (७:१४३). आणि अखेरच्या आजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांची शुद्ध पुनःपुन्हा हरपत होती, प्रत्येक वेळी भानावर येताच ते विचारत की, लोकांनी नमाज अदा केली काय? हजरत आयशा (रजि.) यांनी हे लपवले नाही, उम्मतला सांगितले.

तिसरा तर्क नाटकाचा. तपासण्या नॉर्मल आहेत म्हणून रुग्ण खोटा, हा निष्कर्ष वैद्यकशास्त्राने नाकारला आहे. ज्या झटक्यांत मेंदूचा विद्युत-उद्रेक नसतो, ते झटकेही रुग्ण मुद्दाम आणत नाही. त्यांना मिरगीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. मानसोपचाराने त्यांत सुधारणा होऊ शकते. काही रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्र असतात, म्हणून गोळ्या मनाने बंद करणेही धोक्याचे. घरातल्या सुनेला किंवा मुलीला 'नाटकी' ठरवणारा माणूस तिच्या नियतचा निवाडा करत असतो. नियतचा निवाडा अल्लाहने कोणाच्याही हाती दिलेला नाही.

तिने काय मागितले?

आता त्या हदीसकडे येऊ, जी या विषयाचा गाभा आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आलेली आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांनी आपले शिष्य अता इब्ने अबी रबाह यांना एक कृष्णवर्णीय स्त्री दाखवली आणि सांगितले की, ही जन्नतची स्त्री आहे. ती प्रेषितांकडे (स.) आली होती. आपल्याला झटके येतात आणि त्यावेळी आपले अंग उघडे पडते, तरी अल्लाहकडे दुआ करावी, अशी तिने विनंती केली. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले: इच्छा असेल तर सब्र कर, तुला जन्नत आहे, इच्छा असेल तर तुला बरे करण्याची दुआ करतो. तिने सब्र निवडला. मात्र एक मागणे मागितले, आपले अंग उघडे पडू नये एवढी दुआ करावी. प्रेषितांनी (स.) ती दुआ केली.

ज्यांच्यामार्फत ही हदीस आपल्यापर्यंत आली ते अता (रह.) स्वतः काळ्या वर्णाचे, एका डोळ्याने अधू, पायाने लंगडे आणि हाताने अपंग होते असे चरित्रकार सांगतात. तरीही ते मक्केचे मुफ्ती झाले. ज्याच्या शरीराकडे लोक टक लावून पाहत असतील, त्याला ही हकिकत मुद्दाम सांगितली गेली, यातही अर्थ आहे.

या हदीसमध्ये तीन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली, तिच्या आजाराचे कारण काय याची चौकशी या कथनात कोठेही नाही. तिने काय केले होते, कोठे गेली होती, कोणाची नजर लागली, असे काहीही तिला विचारले गेले नाही. आजाराला नाव मिळाले नाही म्हणून तिचा सन्मान अडला नाही.

दुसरी, निवड तिची होती. प्रेषितांनी (स.) पर्याय तिच्यापुढे ठेवला, तिच्या भावापुढे किंवा पतीपुढे नव्हे. सब्र ही रुग्णाने स्वतः करण्याची इबादत आहे. प्रवासाचा खर्च आणि खेपा टाळण्यासाठी कुटुंबाने रुग्णाच्या नावावर सब्र लिहून टाकणे याला सब्र म्हणत नाहीत; ती हक्कतल्फी आहे. शिवाय तिला जन्नतची हमी साक्षात प्रेषितांच्या (स.) मुखातून मिळाली होती. आपल्याला सर्वसाधारण आदेश आहे तो उपचार घेण्याचा. वार्धक्य वगळता असा एकही आजार अल्लाहने उतरवलेला नाही की ज्याचा इलाज उतरवला नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. मुसनद अहमदमधील एका कथनात याला जोडून आणखी एक गोष्ट येते: ज्याला तो इलाज कळला त्याला कळला आणि ज्याला कळला नाही त्याला कळला नाही. निदानाच्या शोधात असणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा आधार कोणता? न कळणे ही माणसाची मर्यादा आहे. इलाजच नाही, असा त्याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आजार राहिला तरी चालेल, पण माझी अब्रू झाकली जावो, हे तिचे मागणे होते. झटका ही तिची वेदना होती; उघडे पडणे ही त्याहून मोठी वेदना होती. आजार बरा करणे आपल्या हाती नाही, त्याचे नाव सांगणे आपल्या हाती नाही. झाकणे मात्र आपल्या हाती आहे. निदान होईपर्यंतच्या काळात मोहल्ल्याची जबाबदारी एका शब्दात सांगायची तर ती ही आहे: सत्र, म्हणजे झाकणे. जो मुसलमानाची लाज झाकतो त्याची लाज अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, हे प्रेषितवचन येथे शब्दशः लागू होते.

व्यवहारात

झाकणे म्हणजे लपवणे नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. नाहीतर कुटुंबे रुग्णाला माळ्यावर बसवतील. झाकणे म्हणजे काय, ते पाहू.

कोणी कोसळला तर गर्दी मागे सारावी, अंगावर चादर किंवा ओढणी टाकावी, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे आणि त्याला कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. चप्पल हुंगवणे, कांदा फोडणे, हातात किल्ली देणे यांचा काही उपयोग नाही. घड्याळ पाहावे, ५ मिनिटांहून अधिक काळ झटका चालला, शुद्ध न येता पुन्हा आला, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर तातडीने रुग्णालयात न्यावे. नमाजच्या सफमध्ये शेजारचा कोसळला तर आपली नमाज तोडून त्याला सांभाळावे. जीव वाचवण्यासाठी नमाज तोडण्याची फुकहांनी परवानगी दिली आहे, प्रसंगी ते अनिवार्य मानले आहे.

घरातल्या एकाने मोबाइलवर झटक्याचे चित्रण करावे. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो, कारण झटका त्यांच्यासमोर येत नाही. परंतु तेच चित्रण नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवणे म्हणजे त्या स्त्रीने ज्यापासून पनाह मागितली होती नेमके तेच करणे होय. मोबाइल एकच, चित्रण एकच. एका हाती ते उपचार होते, दुसऱ्या हाती गीबत.

निदान होईपर्यंत रुग्णाने एकट्याने नदीत किंवा विहिरीवर जाऊ नये, वाहन चालवू नये, चुलीपाशी एकटे बसू नये, उंचावर काम करू नये. औद्योगिक वसाहतीत यंत्रावर काम करणाऱ्या किंवा आखातात नोकरीला निघालेल्या तरुणाने झटके लपवणे हा स्वतःच्या आणि सोबत्यांच्या जिवाशी खेळ आहे. हे निर्बंध तवक्कुलच्या विरोधात नाहीत. प्लेगच्या गावात न शिरता परत फिरताना हजरत उमर (रजि.) यांनी सांगितले होते की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत.

इबादतीविषयी मनात संकोच असतो, म्हणून थोडक्यात. शुद्ध हरपली की वुजू तुटतो; भानावर आल्यावर तो नव्याने करावा. आपल्या कोकणातील बहुसंख्य लोक शाफई मसलकचे आहेत. त्यानुसार नमाजची संपूर्ण वेळ बेशुद्धीत गेली तर तिची कजा अनिवार्य नाही. हनफी मसलकमध्ये बेशुद्धी पाच नमाजांपर्यंतची असेल तर कजा करावी लागते, त्याहून अधिक असेल तर नाही. झटक्यानंतर येणारी गाढ झोप ही झोपच आहे. जाग आल्यावर त्या वेळची नमाज अदा करावी. रमजानमध्ये अपुरी झोप आणि चुकलेली गोळी यांमुळे झटके वाढू शकतात. म्हणून रोज्यांपूर्वी डॉक्टरांशी बोलावे. त्यांनी मनाई केली तर रोजा सोडणे ही अल्लाहने दिलेली सवलत आहे (२:१८४-१८५). ती नाकारण्यात अधिक पुण्य आहे असे समजू नये.

आणि निकाह. निदान झालेले नाही, मग स्थळाला काय सांगायचे, हा प्रश्न मुलीचे वडील दबक्या आवाजात विचारतात. हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी दोन स्थळांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) दोघांची वस्तुस्थिती स्पष्ट सांगितली. निकाहसारख्या करारात ठाऊक असलेली गोष्ट दडवणे हा धोका आहे. मात्र जेवढे माहीत आहे तेवढेच सांगावे: झटके येतात, तपास चालू आहे, कारण अद्याप कळलेले नाही. यात एकही अक्षर खोटे नाही आणि एकही अक्षर जास्त नाही. ऐकणाऱ्यानेही हा आजार म्हणजे वेड आहे असे समजू नये. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत एकेकाळी वेडाच्या शेजारी अपस्माराचे नाव होते. १९९९ साली संसदेने ते काढून टाकले. मुस्लिम विवाह विघटनाच्या १९३९ च्या कायद्यात तर मिरगीचा समावेशच नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः अपस्मार सोसून 'संवेदना' हा स्वमदत गट उभा केला. तेथे अशा रुग्णांच्या विवाहाचाही विचार होतो. आपल्या जमातींनी असे काही करण्यास काय हरकत आहे? मुंबईच्या तारखेला सोबत जाणारा एक तरुण, गाडीभाड्याची व्यवस्था, रुग्णाच्या आईशी बोलणारी दोन माणसे, एवढे तर प्रत्येक मोहल्ल्याला झेपण्यासारखे आहे.

ज्याची खबर नाही त्यावरचा सब्र

अखेर रुग्णाशी दोन शब्द. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.स.) यांना त्यांच्या सोबत्याने आधीच बजावले की, ज्या गोष्टीची तुम्हाला खबरच नाही तिच्यावर तुम्ही सब्र कसा कराल (१८:६८)? आणि खरोखर, एवढ्या थोर प्रेषिताला तीनदा मौन राखता आले नाही. यावरून कळते की ज्ञात संकटावरचा सब्र वेगळा आणि अज्ञात संकटावरचा सब्र वेगळा; दुसरा अधिक कठीण आहे. पुढचा झटका कधी येईल, कोठे येईल, कोणासमोर येईल, काही ठाऊक नसताना रोज सकाळी उठून कामाला लागणे ही कुरआनने कठीण म्हणून नोंदलेली गोष्ट तुम्ही करत आहात. तिचे मोल कमी समजू नका.

मन भरून आले तर अल्लाहजवळ रडावे. हजरत याकूब (अ.स.) यांनी आपल्या दुःखाचे गाऱ्हाणे अल्लाहकडेच नेले (१२:८६) आणि त्यामुळे त्यांच्या सब्रला उणेपणा आला नाही. डॉक्टरांना सर्व काही सांगावे, विसरलेलेही पुढच्या खेपेला सांगावे. तारीख चुकवू नये. आणि कोणी खात्रीने कारण सांगू लागला तर त्याला नम्रपणे एवढेच म्हणावे, "वल्लाहु आलम, तपास चालू आहे."

अल्लाह सर्व रुग्णांना परिपूर्ण शिफा देवो, ज्यांच्या आजाराला अद्याप नाव मिळालेले नाही त्यांचे निदान सुलभ करो, आणि आपणा सर्वांना एकमेकांची अब्रू झाकणारे बनवो. आमीन.